सतरावा घाणा

गंगाखेड,
९ नोव्हेंबर २०२४

चि. स्वरदास,
अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. मामा धडधाकट आहे, फक्त मुका झाला आहे. घशातली गाठ सोमवारी काढली. डॉक्टर म्हणाले, "साध्या माणसाला मी दोन आठवड्यांचं मौन सांगतो. तुम्ही चाळीस वर्षं भाषणं केलीत. तुम्हाला सहा आठवडे." हे ऐकताना तुझ्या मामीचा चेहरा इतका खुलला, की आजारातून बरं नेमकं कोण झालं असा प्रश्न पडावा.

म्हणून आता पत्रं. मोबाईलवर लिहिणं मला जमत नाही. तिथं माणूस वाक्य पुरं व्हायच्या आधीच ते पाठवून मोकळा होतो, आणि मी आयुष्यभर पुऱ्या वाक्यांवर जगलो. तुझं उत्तरही कागदावरच हवं.

तुझ्या सतराव्या घाण्याचं काय झालं ते कळव. तू 'बॅच' म्हणतेस. पण भज्यांचा घाणा, जिलेबीचा घाणा, तसा हा जस्ताच्या कणांचा घाणा. घरचा शब्द असताना मी उसना का आणू? सोनपेठला, पालमला, जिथं बोललो तिथं मी सांगितलं आहे, की परभणीत शिकलेल्या आणि परभणीतच राहिलेल्या एका मुलीनं बाटलीभर पाण्यात उजेड धरून ठेवला आहे. विज्ञान पुण्याच्या पलीकडेच सुरू होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी येऊन डोळ्यांनी बघावं. लोक टाळ्या वाजवतात. त्या तुझ्या आहेत, मी फक्त गोळा करतो.

पण तुझं काम मला निम्मंच कळलं आहे. कण केवढा, उजेड येतो कुठून, ज्वारीला त्याचा उपयोग काय, हे माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाला कळेल असं लिही.

तुझा,
भगवानमामा

परभणी,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. भगवानमामांस,
सा. न.

तुम्ही सहा आठवडे गप्प आहात, हे मी बजरंगला सांगितलं. तो लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो. म्हणाला, "आता गंगाखेडात भोंग्याचा भाव वाढंल." रागावू नका, तो तुमची भाषणं ऐकतच मोठा झालाय.

विचारलंत ते सांगते. जस्ताचं एक मीठ अल्कोहोलात विरघळवायचं, ते बर्फात गार करायचं आणि त्यात अल्कली थेंबाथेंबानं सोडायची. झिंक ऑक्साईडचे कण तयार होतात. हेच झिंक ऑक्साईड मलमात असतं, पांढरं आणि मुकाट. पण कण इतके लहान राखले की केसाच्या जाडीत वीस हजार ओळीनं मावतील, तर ते वेगळंच वागतात. अतिनील दिव्याखाली धरले की आपणहून उजळतात. यांना क्वांटम डॉट म्हणतात. आखूड बासरीचा सूर उंच, लांब बासरीचा खाली, तसंच यांचं. कण लहान तर उजेड निळसर, जरा वाढला की हिरवा, आणखी वाढला की पिवळा.

आपल्या काळ्या जमिनीत पिकाला जस्त कमी पडतं. हे कण ज्वारीच्या पानावर फवारले तर जस्त मिळेल, आणि ते पानात कुठवर पोचलं हे दिव्याखाली दिसेलही. अडचण पाण्याची आहे. अल्कोहोलात, फ्रिजमध्ये, कण टिकतात. पाण्यात उतरवले की एकमेकांना चिकटतात. दोन दिवसांत तळाला पांढरा गाळ आणि उजेड गेला. फक्त सतरावा तसा नाही. २१ जूनपासून तो पाण्यात आहे आणि आजही पिवळा उजळतो.

आता खरं सांगते. सतरावा मला पुन्हा जमलेला नाही. अठरा ते एकतीस, चौदा वेळा केलं. सगळे दोन दिवसांत गेले. माझे मार्गदर्शक सिद्धोधन सर म्हणाले, "एकदा झालं त्याला शोध म्हणत नाहीत स्वरदा, योगायोग म्हणतात." २२ जानेवारीला समिती येणार आहे. तोवर सतरावा पुन्हा झाला नाही तर ते प्रकरण प्रबंधातून काढावं लागेल. तीन वर्षांतली दोन वर्षं त्या प्रकरणात आहेत.

म्हणून सध्या भाषणात माझं नाव घेऊ नका. तसंही तुम्हाला घेता येत नाही, एवढंच माझं नशीब.

तुमची,
स्वरदा

गंगाखेड,
२३ नोव्हेंबर २०२४

चि. स्वरदास,
आशीर्वाद.

योगायोग या शब्दाची मला चीड आहे. कारण शोधायचा कंटाळा आला की माणूस योगायोग म्हणतो, आणि कारण शोधायची भीती वाटली की दैव म्हणतो. सिद्धोधन सर चांगले गृहस्थ आहेत, पण हा शब्द त्यांना परत कर.

जस्ताला वार कळत नाही. पाण्याला तुझं नाव ठाऊक नाही. तू लाडकी म्हणून सतराव्यानं कृपा केली नाही आणि तू नावडती झालीस म्हणून अठराव्यानं पाठ फिरवली नाही. जूनमध्ये जे झालं ते कारणानं झालं. ते कारण एक तर तुझ्या वहीत आहे, नाहीतर वहीतून सुटलं आहे. तिसरी जागा नाही. गावोगावच्या बुवांशी मी याच एका वाक्यावर भांडत आलो: घडलं आहे ना, मग कारण दाखवा.

तेव्हा वही उघड. २१ जूनचं पान आणि त्याच्या आधीची चार पानं. पाणी कुठलं, ऊन किती, मिठाची बाटली जुनी की नवी, सगळं. त्या दिवशी तू शिंकलीस तर तेही लिही. झालं ते न लिहिणारा आळशी आणि न झालेलं लिहिणारा चोर, आणि विज्ञानात आळशी माणूस चोराइतकंच नुकसान करतो. समितीपुढं सतराव्याचीच बाटली ठेवून तिला बत्तिसावा म्हणायचा मोह होईल. तो झाला तर माझं नाव आठव आणि बाटली खाली ठेव.

मामी विचारते, डबा पाठवू का. मी मान हलवली आहे.

तुझा,
मामा

परभणी,
८ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
सा. न.

तुमचं पत्र टेबलासमोरच्या भिंतीला लावलंय. बजरंग येता-जाता त्याला नमस्कार करतो.

वही पहिल्या ओळीपासून वाचली. जूनमध्ये लॅबला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, म्हणून मी सहाही फ्लास्क गंगाखेडला तुमच्याकडे धुवायला आणले होते, आठवतं? दोन दिवस राहिले आणि येताना एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं, कारण तुमच्याकडचं पाणी असेल. बजरंगच्या भावाकरवी कॅनभर मागवलं, फ्लास्क त्यात धुतले, घाणा केला. गेला. मग वाटलं, जूनची उष्णता. हीटर लावून खोली तापवली. गेला. जस्ताच्या मिठाची तीच जुनी बाटली शोधून काढली. तोही गेला. आता सदतीस झाले. बजरंग म्हणाला, "हरिओमच्या दुकानातून नारळ आणू का? समितीला सांगू, हा पण एक घटक हाय."

त्या पानावरची शेवटची ओळ अशी आहे. 'भांडी: तीच सहा. सतरावा पाण्यात उतरवला तो क्र. ४ मध्ये.' त्या चार नंबरमध्येही पुन्हा चारदा करून पाहिलं. काही नाही.

काल सरांनी खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशी दुसरं काही मिसळलं गेलं नाही ना? आठवून बघ. मी रागावणार नाही." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून माझा माझ्यावरच संशय आहे. मी काहीतरी केलं असणार आणि ते लिहिलं नाही. मग बाकीच्या पानांवर तरी विश्वास का ठेवायचा?

वीस तारखेला प्रकरण काढल्याचं पत्र देते आहे.

तुमची,
स्वरदा

गंगाखेड,
१३ डिसेंबर २०२४

चि. स्वरदास,

तुझं पत्र नेहमीप्रमाणे मामीनं फोडलं आणि मला वाचून दाखवलं. 'भांडी: तीच सहा' या ओळीवर ती थांबली. म्हणाली, "तीच सहा कशी? एक फुटलं की तुमच्या हातून. काचा मीच भरल्या."

मला बोलायची बंदी आहे. आयुष्यात पहिल्यांदा ती बंदी मला सोयीची वाटली. त्या सोयीची लाज वाटली म्हणून हे लिहितो आहे.

१९ जूनला तू मामीच्या बहिणीकडे गेली होतीस. धुतलेली भांडी ओट्यावर वाळत होती. शेजारचे आबासाहेब आले. मी एक शंकूपात्र उचलून त्यांना सांगू लागलो, की हे नुसतं काचेचं भांडं नाही, या जिल्ह्याची उद्याची शेती यात उकळते आहे. बोलताना माझा उजवा हात कसा वर जातो ते तू ओळखतेस. पात्र कडाप्प्याच्या फळीला लागलं आणि गेलं. आबासाहेब म्हणाले, "पोरीला सांगून टाका." मी म्हणालो, "सांगतो." मामीनंही विचारलं. तिला म्हणालो, "सांगितलं."

मी शाळेत गेलो. विज्ञानाच्या कपाटात त्याच मापाचं एक पात्र होतं. त्यात मी सव्वीस वर्षं मुलांना रासायनिक बाग करून दाखवली. सोडियम सिलिकेटच्या पाण्यात मोरचुदाचे, हिराकसाचे खडे टाकायचे, मग त्यांना निळे-हिरवे कोंब फुटतात. त्या पात्राच्या तळाशी सिलिकेटचा धुरकट पापुद्रा धरला होता. राखेनं घासलं, लिंबानं घासलं, निघाला नाही. उन्हात धरलं तरच दिसायचा. मी पेन्सिलनं त्यावर '४' लिहिलं. ते तुझ्या अक्षरासारखं काढलं. सगळ्यात जास्त हेच लागतं, की मी अक्षर तुझ्यासारखं काढलं.

सांगितलं असतं तर तू हसली असतीस, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण 'चुकलो' हा शब्द मला लोकांकडून ऐकायची सवय आहे, म्हणायची नाही. त्या भांड्याचा तुझ्या कणांशी संबंध असेल असं वाटलं नव्हतं, आणि आजही मी ते ठामपणे सांगू शकत नाही. पण गेल्या पत्रात 'शिंकलीस तर तेही लिही' असं तुला लिहिताना मला ते भांडं आठवलं होतं. आठवलं, आणि मी पुढचं वाक्य लिहिलं.

तुझ्या वहीत तुझी चूक नाही. माझी आहे.

भगवानमामा

स्वरदा, मी मामी लिहायलेय. मला म्हनले पोरीला सांगितलं, आन मी खरं मानलं. गावाला शिकवायचं आन घरात झाकायचं, हे काय बरं हाय का? तू त्यायला बोल, पन लय बोलू नको. उलटून बोलता येत न्हाई म्हनून कालपासून नीट जेवायले न्हाईत. शेंगदाण्याचे लाडू पाठवायलेय. सगळे त्या बजरंगला देऊ नको.
प्रभावती

परभणी,
१६ डिसेंबर २०२४

मामा,

पत्र वाचलं. आज जास्त लिहीत नाही, कारण जे लिहीन ते मामीला वाचून दाखवावं लागेल.

सोडियम सिलिकेटची बाटली आमच्याच लॅबच्या कपाटात खालच्या कप्प्यात होती. सहा महिने माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर.

स्वरदा

परभणी,
३० डिसेंबर २०२४

ती. मामांस,
सा. न.

तुमचं पत्र नाही. मौनाची मुदत सोळा तारखेलाच संपली, आणि मामी फोनवर म्हणाली की तुम्ही अजून बोलत नाही. बोला आता. माझा राग सहा दिवस टिकला, म्हणजे पाण्यातल्या कणांपेक्षा चार दिवस जास्त.

अडतिसाव्यात सिलिकेट जास्त झालं, सगळं दह्यासारखं थिजलं. एकोणचाळिसाव्यात कमी पडलं, तिसऱ्या दिवशी गाळ. मग थेंब मोजले. चाळिसावा मी तेवीस तारखेला केला आणि आज आठव्या दिवशी तो सतराव्याच्या शेजारी तसाच पिवळा उजळतोय. त्याच्यामागून एक्केचाळीस आणि बेचाळीसही केले. दोन्ही चांगले आहेत.

कारण असं आहे. पाण्यात उतरवताना तुमच्या बागेचा पापुद्रा थोडाथोडा विरघळला आणि त्यानं प्रत्येक कणावर काचेसारखं पातळ आवरण चढवलं. आवरण असलं की कण एकमेकांना चिकटत नाहीत. आणि पापुद्रा सतराव्यातच संपला, म्हणून चार नंबरनं पुन्हा कधी साथ दिली नाही.

प्रकरण राहिलं. सरांनी बाटली अतिनील दिव्याच्या खोक्यात धरून पाहिली, दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "योगायोग शब्द मागे घेतो. तुझ्या मामांना कळव."

एक गोष्ट तुम्हाला विचारायची आहे. सरांचं म्हणणं, प्रबंधात साधं लिही की कण टिकावेत म्हणून सिलिकेटचं आवरण देऊन पाहिलं. ते खोटं नाही. पण तसं झालं नाही. 'भांडी: तीच सहा' ही ओळ मला खोडायची आहे, आणि का खोडली ते लिहावं लागेल. तिथं तुम्ही येता. समितीतल्या दोघांनी तुमची भाषणं ऐकली आहेत. मी असं वाक्य केलंय: 'क्र. ४ चा फ्लास्क चुकून बदलला गेला होता.' नावाशिवाय. तुम्ही नको म्हणालात तर तेही काढते.

तुमची,
स्वरदा

गंगाखेड,
४ जानेवारी २०२५

चि. स्वरदास,
अनेक आशीर्वाद.

तुझं वाक्य नापास.

फुटला तो चुकून. बदलला तो मुद्दाम, आणि लपवला तोही मुद्दाम. एका 'चुकून'मध्ये तू तिन्ही गोष्टी गुंडाळल्यास. प्रेमानं गुंडाळल्यास, हे मला कळतं, पण वही प्रेमासाठी नसते. असं लिही: 'क्र. ४ चा फ्लास्क भगवानराव, निवृत्त शिक्षक, गंगाखेड, यांच्या हातून फुटला. त्यांनी त्याजागी शाळेतला जुना फ्लास्क ठेवला आणि ही गोष्ट सहा महिने सांगितली नाही.' एकही शब्द मऊ करू नकोस. माझी भाषणं ऐकलेले ते दोघे आता हेही ऐकतील. एवढ्यानं ज्याची भाषणं पडतात, त्याची ती उभी कशावर होती?

कालपासून बोलतो आहे. पहिलं वाक्य मामीशी बोललो. तिनं भाजीत मीठ कमी आहे का, एवढंच विचारलं होतं. मी म्हणालो, "चुकलो." ती म्हणाली, "मीठ मी टाकलंय. पन असू द्या, लिहून ठेवते."

तुझा,
मामा

परभणी,
२५ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सा. न.

झालं. प्रकरण मंजूर, उन्हाळ्यापर्यंत प्रबंध द्यायचा.

समितीसमोर मी ज्वारीचं रोप ठेवलं. चार दिवस आधी एकाच पानावर फवारलं होतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात दिवा लावला, तर बाकीची पानं काळपट लाल दिसत होती आणि त्या एका पानाच्या शिरा टोकापर्यंत पिवळ्या. रांगेत एकेक जण वाकून बघून गेला, आणि रांग संपल्यावर पहिले दोघे पुन्हा मागे जाऊन उभे राहिले.

मग बाहेरून आलेल्या उत्तरा मॅडमनी प्रकरणातलं फ्लास्कचं पान उघडलं. तुमचं वाक्य शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. चष्मा काढून विचारलं, "हे गृहस्थ हयात आहेत का?"

मी म्हणाले, "हो. आणि आता बोलतातही."

मागून बजरंग म्हणाला, "लय." सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "पस्तीस वर्षं प्रबंध तपासतेय, असं वाक्य वाचलं नव्हतं. एक शब्दही बदलू नका."

तुमची,
स्वरदा

गंगाखेड,
२ मार्च २०२५

चि. स्वरदास,
अनेक आशीर्वाद.

विज्ञान दिनाला पोखर्णीला बोलायला गेलो होतो. नृसिंहाच्या देवळाशेजारी मंडप, दोनशे माणसं. डॉक्टरांनी वीस मिनिटं दिली होती, मी चाळीस घेतली. फुटलेल्या भांड्याची सगळी गोष्ट सांगितली, अक्षर तुझ्यासारखं काढलं तेही. शेवटी म्हणालो, की सत्य झाकलं त्याचं हे फळ, एका पोरीचे सहा महिने मातीत गेले. मला वाटलं, भाषण जमलं.

तेव्हा पुढं बसलेल्या एक बाई उठल्या. दगडाबाई नाव, सत्तरीच्या, तीन एकर ज्वारी करतात. म्हणाल्या, "मास्तर, एक इचारू का? तुमी त्याच दिशी खरं सांगितलं असतं, तर त्या पोरीनं ते धुरकट भांडं घेतलं असतं का?"

मी सांगू लागलो की फायदा फुटण्यामुळे झाला, लपवण्यामुळे नाही. त्या म्हणाल्या, "तसं न्हाई. घेतलं असतं का, एवढंच सांगा. नसतं घेतलं तर हा उजेड झालाच नसता की. मग तुमी झाकलं तेच बरं झालं."

दोनशे माणसं हसली. शेवटी म्हणालो, "मला माहीत नाही. भाचीला विचारून सांगतो." त्या म्हणाल्या, "इचारा. मी लेकीकडं गंगाखेडला येतेच दर पंधरा दिवसाला, तवा घरी येईन. तुमी तोंडानं सांगाल ते नको, तिचं पत्रच वाचून दाखवा."

तेव्हा सांग. घेतलं असतंस का? माझ्या भाषणाला जपू नकोस.

तुझा,
मामा

परभणी,
९ मार्च २०२५

ती. मामांस,
सा. न.

घेतलं नसतं. तळाशी पापुद्रा असलेलं भांडं मी कधीच वापरत नाही. सांगितलं असतंत तर मी हसले असते, ते शाळेत परत पाठवलं असतं आणि सतरावाही बाकीच्यांसारखा दोन दिवसांत गेला असता.

म्हणजे तुम्ही लपवलंत म्हणून मला ते सापडलं, हे खरं आहे. आणि सहा महिने मी रोज सकाळी स्वतःचीच वही उघडायला घाबरत होते, हेही खरं आहे. दगडाबाईंना दोन्ही वाचून दाखवा. त्यातलं काय घ्यायचं ते त्या घेतील.

तुमची,
स्वरदा